पंधरावा राउंड

आमच्या गौलीगुड्याच्या घरात हेवीवेट बॉक्सिंगचे तीन काळ एकाच वेळी नांदतात. आजोबांचा 1971 ते 1975, बाबांचा 1986 ते 1990 आणि माझा आत्ताचा. तिघांपैकी एकानेही हेवीवेटची मोठी लढत प्रत्यक्ष पाहिलेली नाही. पण वाद असा घालतो की जणू रिंगच्या दोराला टेकून उभे होतो.

बाबांचा देव माइक टायसन. विसाव्या वर्षी ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्याच राउंडमध्ये झोपवून जगज्जेता झाला, दीड वर्षाने मायकल स्पिंक्सला 91 सेकंदांत. "चहाला उकळी यायच्या आत खेळ खलास," असं बाबा सांगतात. 1990 साली टोकियोत बस्टर डग्लसने त्याला पाडलं हे बाबांना मान्य आहे, पण चर्चेला बंदी. खरं तर त्यानंतरचा होलिफील्ड-बो-लुईस यांचा काळ मला जास्त भारी वाटतो, आणि 45 वर्षांच्या जॉर्ज फोरमनने 1994 मध्ये पट्टा परत जिंकला तोही त्याच काळात. घरात हे बोलायची सोय नाही.

माझ्या लहानपणी क्लिच्को बंधू होते. एकमेकांशी कधी लढणार नाही असं दोघांनी आईला वचन दिलेलं. वचन चांगलंच, पण बघणाऱ्याचे हाल. मग मे 2024 मध्ये उसिकने फ्युरीला हरवून चारही पट्टे एका कमरेला आणले, तेव्हा होस्टेलवर पहाटे आम्ही चौघे एका मोबाइलवर वाकलो होतो. माझा काळ तिथून सुरू होतो.

आजोबांचं प्रकरण वेगळं. ते मुळात कुस्तीवाले. 1958 साली पहिली हिंद केसरी स्पर्धा आमच्या हैदराबादेत झाली, तेव्हा ते पंधरा वर्षांचे. पुढच्याच वर्षी दिल्लीत आपल्या श्रीपती खंचनाळेंनी तो किताब जिंकला. आजोबा हे अजून कालच घडल्यासारखं सांगतात. स्वतःही तालमीत जायचे. नंतर एसटीत, म्हणजे इथल्या आरटीसीत, क्लार्क म्हणून लागले. ऑफिस गौलीगुड्याच्या बसस्टँडवर, त्या मोठ्या घुमटाखाली. निजामाच्या काळातलं ते लोखंडी हँगर होतं, 2018 च्या जुलैत एका सकाळी पडलं. बसगाड्या आधीच हलवल्या होत्या म्हणून कुणाला लागलं नाही.

त्या स्टँडबाहेरच्या इराणी हॉटेलात आजोबांना मोहम्मद अली भेटला. उर्दू पेपरातून. आजोबांना उर्दू वाचता येतं, त्यामुळे टेबलावर पेपर वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडे. सगळं हॉटेल अलीचं. आजोबा एकटे जो फ्रेझरचे. "सगळे ज्याच्या बाजूने, त्याला माझी काय गरज?" हे कारण. फ्रेझर कत्तलखान्यात काम केलेला, बुटका, समोरचा मार खात खात आत घुसणारा. 8 मार्च 1971 ला न्यूयॉर्कमध्ये त्याने पंधराव्या राउंडला डाव्या हुकने अलीला खाली बसवलं आणि लढत जिंकली. त्या दिवशी आजोबांनी सगळ्यांना उस्मानिया बिस्किटं खिलवली. 1973 मध्ये फोरमनने फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं, तेव्हा चार दिवस हॉटेलात गेले नाहीत. आणि त्याच फोरमनला 1974 मध्ये किन्शासात अलीने आठव्या राउंडमध्ये संपवलं. तिघेही एकमेकांना पुरून उरलेले. काळ मोठा ठरतो तो यानेच, असं आजोबांचं म्हणणं. एकच राजा आणि बाकी प्रजा असेल तर तो काळ नाही, दरबार.

पण त्यांच्या मनात एक सल होता. 1 ऑक्टोबर 1975, मनिला. चौदा राउंड झाले आणि फ्रेझरच्या कोपऱ्यात बसलेल्या एडी फच या त्याच्या गुरूने लढत थांबवली. एकच राउंड राहिला होता, तीन मिनिटं. फ्रेझर नको म्हणत होता. "अलीच पडला असता," आजोबा म्हणायचे, "फचने घाई केली." मी हे वाक्य चौथीपासून ऐकत आलोय.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा मनिलाला पन्नास वर्षं झाली म्हणून नेटवर सगळीकडे तेच चालू होतं. बोलता बोलता कळलं की आजोबांनी ती लढत कधी पाहिलेलीच नाही! पेपरात वाचलेली, दोन फोटो पाहिलेले, बस्स. मी लॅपटॉप लावला.

इथे माझी एक गोष्ट सांगायला हवी. मी 91 किलोचा आहे आणि मुंबईत एका क्लबमध्ये दोन वर्षं बॉक्सिंग करतोय. सप्टेंबरमध्ये सरावात एक ठोसा कानशिलावर बसला. पडलो नाही. पण नंतर डोकं दुखायला लागलं, उजेड सहन होईना, लेक्चरमध्ये एक वाक्य लिहून होईपर्यंत दुसरं निसटायचं. डिसेंबरमध्ये ट्रायल होती, म्हणून कुणाला सांगितलं नाही. सरांनाही नाही. सगळेच खातात मार, असं स्वतःला सांगत होतो.

पहिले राउंड आजोबा खुर्चीत पुढे सरकून बघत होते. "घुस, घुस!" फ्रेझर अलीला दोरावर दाबून बरगड्या फोडत होता. मग लढत फिरली. तेराव्यात फ्रेझरच्या तोंडातलं गार्ड उडून बाहेर गेलं. त्याचा डावा डोळा आधीपासूनच अधू होता, आणि आता उजवा सुजून मिटत चाललेला. चौदाव्यात अलीचे ठोसे त्याला दिसतच नव्हते. हात वर नेईपर्यंत दुसरा बसलेला असायचा.

आजोबा गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "बंद कर." मी म्हटलं, आता फच थांबवतो ते बघा ना. "कळलं मला. बंद कर."

मी स्क्रीन मिटवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ब्राइटनेस इतका कमी करून काय बघायलास रे? कधीपासून दुखायलंय डोकं?"

मी "नाही, असंच" म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. बराच वेळ कुस्तीबद्दल बोलत राहिले. तालमीत पाठ टेकली की खेळ संपतो, माणूस माती झटकून उठतो आणि वस्तादाच्या पाया पडतो. इथे पाठ टेकून भागत नाही. इथे डोकंच विझवायचं असतं. मग मीच त्यांना कोरियाच्या किम डुक-कूचं सांगितलं. 1982 साली तोही चौदाव्या राउंडलाच पडला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर पंधराचे बारा राउंड झाले. हे मला आधीपासून माहीत होतं. मोठ्याने सांगताना मात्र आवाज नीट निघेना.

दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेले. मेंदूला हादरा बसलाय, पूर्ण बरं वाटेपर्यंत ग्लव्ह्ज घालायचे नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. सरांना फोन मी करणार होतो, पण तीन दिवस टाळला. चौथ्या दिवशी आजोबांनी फोन हातातून घेतला आणि आपल्या दखनीत सांगितलं, "साब, बच्चा नक्को खेलता अब्बी. मैं रोक दिया." मी खूप चिडलो. दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

ट्रायलला माझ्या वजनात दुसरा मुलगा उतरला आणि जिंकला. मी खाली बसून त्याची पाण्याची बाटली धरली. डोकं आता दुखत नाही, पण परत उतरायचं की नाही हे ठरलेलं नाही.

परवा फोनवर आजोबांना विचारलं, काळ कुठला मग? "तोच. एकाहत्तर ते पंचाहत्तर." आणि फच? पलीकडे बाबा टायसनबद्दल काहीतरी ओरडत होते. आजोबा त्यांना "तू थांब रे" म्हणाले आणि मग मला, "जेवलास का?"