८० हजारांचे बूट

एमसी स्टॅन म्हटलं की आधी ८० हजारांचे बूट आठवतात. मग गळ्यातली चेन, मग फेब्रुवारी २०२३ मध्ये 'बिग बॉस' जिंकून मिळालेले ३१ लाख ८० हजार. आम्ही आयटीवाले, पॅकेज कळल्याशिवाय आम्हाला माणूस कळत नाही.

मी भाड्याने फ्लॅट शोधत होतो, तेव्हा आधीचा पत्ता ताडीवाला रोड सांगितला आणि एका घरमालकाचा सूरच बदलला. सॅलरी स्लिप दाखवूनही. स्टॅन त्याच वस्तीतला. त्याच्या २०२० च्या अल्बमचं नाव 'तडीपार'. पोलीस माणसाला हद्दीबाहेर काढतात, त्याला हाच शब्द. आमच्याकडे तो पोरांना समजावून सांगावा लागत नाही. त्यामुळे मला ती चेन माज वाटत नाही, सॅलरी स्लिप वाटते. बघा, आता तरी आत घ्या.

पण एकाला आत घेतलं म्हणजे रॅप पचला असं नाही. दोनच महिन्यांनी, एप्रिल २०२३ मध्ये, पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत रॅप शूट केला म्हणून शुभम जाधववर गुन्हा दाखल झाला. त्यात शिव्या होत्या, मान्य. पण त्याच सुमारास छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवरही गुन्हा दाखल झाला. त्याने 'खोक्यां'वर मराठीत रॅप केला होता, आणि त्यात कुणाचं नावसुद्धा नव्हतं.

बुटांची किंमत आपल्याला पाठ आहे. या पोरांना वकील कितीला पडला, हे आपण विचारत नाही.