कप्तान न झालेला माणूस

माझे आजोबा बोटीवर खलाशी होते. रत्नागिरीकडच्या आमच्या गावातून तेव्हा घरटी एक तरी माणूस जहाजावर असायचा. सिंगापूर, रंगून, एडन ही नावं आमच्या घरात शेजारच्या गावांसारखी घेतली जायची. पण आजोबांनी एक ओळही लिहून ठेवली नाही. त्यांच्या जाण्याबरोबर ते सगळे समुद्र गेले.

एमिलिओ साल्गारीबद्दल वाचताना मला म्हणूनच आजोबा आठवत राहिले. हा 1862 साली इटलीतल्या वेरोना शहरात जन्मला. कप्तान व्हायचं म्हणून व्हेनिसच्या नौकानयन शाळेत गेला, पण शिक्षण अर्धवट राहिलं. एड्रियाटिक समुद्रातली एक छोटी सफर, एवढाच त्याचा जलप्रवास. तरी तो स्वतःला कप्तान म्हणवून घ्यायचा. एका पत्रकाराने त्यावर टोमणा मारला तर हा तलवार घेऊन द्वंद्वाला उभा राहिला!

वाचनालयातली प्रवासवर्णनं, नकाशे आणि ज्ञानकोश समोर ठेवून त्याने ऐंशीच्या वर साहसकादंबऱ्या लिहिल्या. त्याचा सर्वांत गाजलेला नायक सांदोकान हा बोर्निओचा मुसलमान राजपुत्र. राज्य आणि कुटुंब गमावलेला हा माणूस समुद्री लुटारू होऊन इंग्रजांशी लढतो. 1883 मध्ये वेरोनाच्या वर्तमानपत्रात ही गोष्ट क्रमशः सुरू झाली. युरोप आशिया-आफ्रिका गिळत होता त्या काळात एका युरोपियनाने आपल्या वाचकांना गोऱ्यांविरुद्ध लढणाऱ्या मुसलमानाच्या बाजूने उभं केलं. लहानपणी मी वाचलेल्या साहसकथांत माझ्यासारख्या नावाचा माणूस बहुधा खलनायकच असायचा, त्यामुळे मला याचं फार अप्रूप वाटलं. पुढे 1976 साली आपल्या कबीर बेदींनी इटलीच्या टीव्हीवर सांदोकान साकारला आणि तिथे घराघरात पोहोचले.

न पाहता लिहिल्याच्या खुणाही आहेतच. सुंदरबनातल्या त्याच्या कादंबरीत एक शूर, इमानी मराठा आहे. त्याचं नाव काय, तर कम्मामुरी! असं नाव कुठल्या मराठी घरात ठेवत असतील?

पुस्तकं खूप खपली, पण पैसा प्रकाशकांकडे गेला. साल्गारीला ठरलेली रक्कम मिळायची आणि त्यासाठी दरवर्षी कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या द्याव्या लागायच्या. चार मुलं, कर्ज, त्यात बायको वेड्यांच्या इस्पितळात. एप्रिल 1911 मध्ये तुरिन इथे त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. माझ्या घामावर तुम्ही श्रीमंत झालात, आता निदान माझ्या अंत्यविधीचा खर्च तरी करा, अशा आशयाचं पत्र त्याने प्रकाशकांसाठी मागे ठेवलं होतं.

ज्याने समुद्र पाहिला नाही त्याने तो लिहिला. ज्यांनी आयुष्य त्यावर काढलं, त्यांच्या हाती लेखणी कुणी दिली नाही. आजोबांची खलाशाची वही अजून अम्मीच्या पेटीत आहे. त्यात फक्त बोटींची नावं आणि तारखा आहेत. या ईदला गावी गेलो की ती मागून घेणार आहे. सुरुवात तिथूनच करावी म्हणतो.