मैदानाचं पाणी पाक की नापाक?

एप्रिल-मे महिन्यात आमच्या शहाद्यातल्या कोणत्याही मैदानावर जा, पोरं फुफाट्यात खेळताना दिसतील. गवत म्हणायला फक्त कुंपणाच्या कडेला. त्याच वेळी गावाचं सांडपाणी गटारांतून उताराकडे, गोमाईच्या दिशेने चाललेलं असतं. जमातीच्या मंडळींत एकदा यावर बोलणं निघालं. हे पाणी नीट शुद्ध करून बागांना, खेळाच्या मैदानांना, ईदगाहच्या झाडांना का देऊ नये, असं कुणीतरी म्हटलं. एक बुजुर्ग हाजीसाहेब लगेच म्हणाले, "मास्तर, तिथे आपण कपाळ टेकतो."

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सजद्याची जागा पाक असावी लागते, ही नमाजची शर्तच आहे. पण मग प्रश्न शरीयतचा आहे ना? तर शरीयतलाच विचारू. तिथे उत्तर केव्हाच देऊन ठेवलं आहे, आपण ते वाचलेलं नाही एवढंच.

फिकहमध्ये पाण्याची पारख तीन गोष्टींवर होते: रंग, चव आणि वास. वाहतं पाणी किंवा मोठा साठा यांत घाण पडली, तरी या तिन्हींपैकी काही बदललं नाही तर पाणी पाकच राहतं. जुन्या मशिदींतले हौद याच हिशेबाने बांधले आहेत. 'दह दर दह' म्हणजे दहा हात लांब, दहा हात रुंद, सुमारे सव्वादोनशे चौरस फूट. शंभर माणसं त्यात हात घालून वजू करतात आणि कुणाच्या मनात शंका येत नाही. जमिनीबद्दल तर हनफी मजहब आणखी सोपा आहे. नापाक झालेली जमीन वाळली आणि घाणीची खूण गेली, की तिच्यावर नमाज होते. तयम्मुम मात्र त्या मातीने करता येत नाही.

शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा सवाल आधुनिक उलेमांसमोरही आला. सौदी अरबच्या ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेने 1978 मध्ये आणि मक्केतल्या राबित्याच्या फिकह अकादमीने 1989 मध्ये निर्णय दिला. प्रक्रियेनंतर घाणीचा रंग, चव, वास पूर्ण गेला असेल तर ते पाणी पाक, त्याने वजूसुद्धा होते. पिण्यासाठी ते टाळावं असं परिषदेने म्हटलं, पण त्याचं कारण तब्येतीचं सांगितलं, नापाकीचं नाही. जिथे वजू चालतो, तिथे गवताचं काय घेऊन बसलात?

म्हणजे आपल्याला अडवते ती घीण. घीण माणसाला असतेच, मी ती नाकारत नाही. पण तिला दीनचं नाव देऊ नये. आणि पाणी पाक की नापाक यावर तासभर बोलणारे आपण गटारात उतरणाऱ्या माणसाबद्दल किती बोलतो? हाताने मैला साफ करवून घेण्यावर बंदी आणणारा नवा कायदा 2013 मध्ये झाला, तरी सेप्टिक टँकमध्ये गुदमरून मेल्याच्या बातम्या येतातच.

मैदानासाठी पाणी कुठून, हा प्रश्न किती टोकाला जातो हे 2016 मध्ये महाराष्ट्राने पाहिलं. 12 एप्रिलला मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्याच दिवसांत मुंबई उच्च न्यायालयात आयपीएलच्या खेळपट्ट्यांच्या पाण्यावर सुनावणी चालू होती. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवाल्यांकडून शुद्ध केलेलं सांडपाणी घेऊ, पिण्याचं घेणार नाही, असं क्रिकेट मंडळाने सांगितलं. तरी 13 एप्रिलला न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळुरूला झाला. मला त्यात खटकलं ते हे, की सांडपाण्याची आठवण कोर्टात गेल्यावर झाली. बागांसाठी नवी मुंबईसारखी महापालिका असं पाणी वापरते आणि नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. म्हणजे तंत्र परदेशातून आणायचं नाही.

आता शहाद्याचा हिशेब. हा मी आठवीच्या वर्गात फळ्यावरच मांडला. 2011 च्या जनगणनेत गावाची वस्ती एकसष्ट हजारांवर होती. भुयारी गटार नसलेल्या गावासाठी माणशी रोज 70 लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होतं असं मानतात. म्हणजे रोज सुमारे 34 लाख लिटर. एक हेक्टर मैदानाला उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचं तर 50 हजार लिटर लागतात, दहा हजारांचे पाच टँकर. पोरांनी भागाकार केला: 68 हेक्टर. एवढी मैदानं गावात आहेतच कुठे, असं एका मुलीने विचारलं. उरलेलं शेताला, असं दुसरीने परस्पर सांगून टाकलं. बाप पपईवाला असणार.

खरी काळजी वेगळीच आहे, ती जंतूंची. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसेल आणि तरी त्यात जंतू, कृमींची अंडी असतील. जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्ये मैदानं आणि बागांसाठी मर्यादा घातली: शंभर मिलिलिटरमध्ये विष्ठेतले जंतू हजारांच्या आत, आणि लिटरमागे कृमीचं फार तर एक अंडं. लोक जिथे थेट बसतात, लोळतात अशा हिरवळीसाठी तर जंतूंची मर्यादा दोनशेच. म्हणून पाणी रात्री द्यावं, सकाळपर्यंत गवत सुकू द्यावं, नळावर 'पिण्याचे नाही' अशी पाटी मराठीत आणि उर्दूत लावावी, आणि तपासणीचा आकडा लोकांना दिसेल असा लिहावा. हाजीसाहेबांनी हट्ट धरायचाच तर या आकड्याचा धरावा. पोरं तिथे तोंडावर पडतात.

प्रक्रिया केंद्र ही नगरपालिकेची गोष्ट, त्याला वेळ लागतो. मशिदीच्या वजूखान्याला मात्र कुणाची मंजुरी नको. वजूचं वापरलेलं पाणी, मुस्तामल, हे हनफी फतव्यानुसार ताहिर आहे. त्याने पुन्हा वजू होत नाही, पण ते नापाक नाही. त्यात साबणही नसतो. मस्कतच्या अल-हैल भागातल्या मशिदीत हेच पाणी गाळून झाडांना देण्याचा प्रयोग झाला. हुजूर (स.) एका मुद पाण्यात, म्हणजे लिटरभरही नाही, वजू करत. आपला नळ मात्र मसह करतानाही वाहत असतो. माणशी पाच लिटर आणि जुम्याला दोनशे नमाजी धरले तरी हजार लिटर एका नमाजेत गटारात जातात.

अडचण एकच आहे. बहुतेक ठिकाणी वजूखान्याचा आणि संडासाचा पाइप पुढे एकाच चेंबरला जोडलेला असतो. तो आधी वेगळा काढावा लागेल. मग एक वाळू-खडीची टाकी, आणि तिथून ईदगाहकडे किंवा शेजारच्या शाळेकडे नळी. प्लंबर आपल्याच मोहल्ल्यातला मिळेल. रमजानच्या आधी पाइप मोजून घ्यावेत, नंतर मशिदीत पाय ठेवायला जागा नसते.