जिंतूरहून न्यू कस्टम हाऊसकडे

२ जून

माझ्या थोरल्या लेकीच्या नेमणुकीचं पत्र आलं. मुंबई कस्टम्स, प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर. गल्लीत पेढे वाटले. ज्याला त्याला विमानतळावर पकडलेलं सोनंच आठवत होतं. ती म्हणाली, "अण्णा, बंदरावरही टाकतील. लाँचमधून जायचं, जहाजावर चढायचं, झडती घ्यायची. कुणी परदेशातून स्वतःची यॉट घेऊन आला, तर तीही तशीच तपासायची."

तिच्या आजीने विचारलं, "विमानतळाला फाटक असतं गं. समुद्राला कुठं फाटक असतं?"

कुणाला चटकन उत्तर देता आलं नाही. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला.

५ जून

आईला आज तिच्या फाटकाच्या प्रश्नाचं उत्तर नीट सांगितलं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल आपली सागरी हद्द. त्यापुढे २४ मैलांपर्यंत कस्टम, इमिग्रेशन आणि आरोग्याच्या नियमांसाठी देशाला बोट अडवता येते. २४ सागरी मैल म्हणजे साधारण ४४ किलोमीटर. आपल्या घरापासून परभणी जेवढी लांब, जवळपास तेवढं. आईने मान हलवली. परभणीचं अंतर तिच्या पायांना माहीत आहे.

फाटक मात्र ठरलेल्या बंदरातच. १९६२ चा कस्टम कायदा सांगतो की परदेशातून आलेली बोट आधी कस्टमच्या बंदरातच लागली पाहिजे. एखादी वाडी सुंदर दिसली म्हणून तिथे नांगर टाकायचा नाही. मुंबई, मुरगाव, कोची अशी बंदरं; कोचीला तर यॉटसाठी मरिनाच आहे. वादळात सापडलेल्या किंवा मोडलेल्या बोटीला भलतीकडे लागायची सवलत आहे, पण कप्तानाने लगेच जवळच्या कस्टम अधिकाऱ्याला नाहीतर पोलीस ठाण्याला कळवलं पाहिजे. हे कलम मला आवडलं. त्यात माणसाचा जीव आधी धरला आहे आणि जबाबदारीही सोडलेली नाही.

बंदरात येताना यॉट पिवळा झेंडा लावते: बोटीवर सगळे निरोगी आहेत, आम्हाला प्रवेश द्या. मग बंदराचा आरोग्य अधिकारी, इमिग्रेशन, कस्टम. बोटीची नोंदणी, मागच्या बंदराने दिलेली निघण्याची परवानगी, माणसांची यादी, पासपोर्ट, व्हिसा. बोटीवरच्या सामानाची यादी वेगळी; दारू आणि सिगारेटी मोजून त्यांना सील. हत्यार असेल तर सांगायचं. सॅटेलाइट फोनही सांगायचा, कारण आपल्याकडे तो परवानगीशिवाय बाळगता येत नाही. अनेक परदेशी दर्यावर्दी इथेच अडचणीत येतात. निघतानाही कस्टमची लेखी परवानगी लागते. आल्याची नोंद आणि गेल्याची नोंद, दोन्ही जुळली पाहिजेत.

९ जून

रानात बांधावर गाजरगवत उपटत होतो. हात आणि मान खाजून लाल. हे गवत १९५०च्या दशकात पहिल्यांदा पुण्यात नजरेत आलं. परदेशातून आयात केलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानतात. बंदरात धान्याबरोबर नको ते बी उतरलं आणि आज आमचा एक बांध त्यातून सुटलेला नाही.

म्हणून बाहेरून येणाऱ्या बोटींसाठीचे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे नियम मला जाचक वाटत नाहीत. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून 'म्हादेई'त एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले; असं करणारे ते पहिले भारतीय. वाटेतले थांबे चारच: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाउन. त्यातले पहिले दोन ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधले; तिथे खासगी यॉट आली की ताजी फळं, भाज्या, मांस, मध, बियाणं काढून घेतात. न्यूझीलंडला निदान ४८ तास आधी कळवावं लागतं आणि २०१८ पासून बोटीचा तळही शेवाळ-शिंपल्यांशिवाय स्वच्छ लागतो. आपल्या शेतकऱ्यासाठी एवढी काळजी कुणी १९५०च्या दशकात घेतली असती तर! थोरलीला हे सांगितलं. ती बराच वेळ ऐकत राहिली.

१३ जून

आज थोरलीला जे सांगायचं होतं ते सांगितलं.

जानेवारी-फेब्रुवारी १९९३ मध्ये रायगडच्या दिघी आणि शेखाडीला बोटींतून हत्यारं आणि आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत बारा स्फोट झाले, २५७ माणसं गेली. टाडा न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवलं, त्यांत कस्टम आणि पोलीस खात्यातली माणसंही होती. किनाऱ्यावर पहारा नव्हता असं नाही. पहारा होता आणि तो विकला गेला.

२००८ मध्ये 'कुबेर' ट्रॉलर पळवून आलेले अतिरेकी रबरी बोटीतून बधवार पार्कजवळ उतरले, तेव्हा तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकलं होतं. हटकणाऱ्यांच्या हातात ना कायदा होता, ना शिक्का. तुझ्या हातात दोन्ही असणार, एवढंच बोललो. माझा आवाज जड झाला होता. ती म्हणाली, "अण्णा, मला हे आधीच माहीत होतं. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

१७ जून

हरिहरेश्वरची बोट तिनेच आठवून दिली. १८ ऑगस्ट २०२२, दहीहंडीचा आदला दिवस. किनाऱ्याला एक रिकामी यॉट लागली, आत तीन एके-४७ आणि काडतुसं. सगळ्या राज्यात नाकाबंदी. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला: मालकीण ऑस्ट्रेलियाची, बोट मस्कतमार्गे युरोपला निघालेली, जूनमध्ये इंजिन बिघडलं, माणसांना कोरियाच्या युद्धनौकेने वाचवून ओमानच्या हवाली केलं. खवळलेल्या समुद्रात बोट ओढून नेता आली नाही, ती वाहत इथे आली.

घातपात नव्हता. तरी त्या दिवशी रायगड हादरला, कारण शेखाडीपासून हरिहरेश्वर दूर नाही.

पण प्रत्येक यॉट संशयाने बघू नकोस, हेही मी तिला सांगतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची 'सुहैली' मुंबईतच सागवानात बांधली गेली. तिच्यातून ३१२ दिवस कुठेही न थांबता जग फिरून ते २२ एप्रिल १९६९ ला फाल्मथला परतले, तेव्हा कस्टमवाले रिवाजाप्रमाणे बोटीवर गेले आणि कुठून आलात असं विचारलं. फाल्मथहून, असं उत्तर मिळालं. जगातला पहिलाच तसा प्रवास, तरी प्रश्न चुकला नाही आणि उत्तर देणाऱ्याचा मानही गेला नाही. आठवडेच्या आठवडे लाटांवर काढून आलेल्या माणसाला आपल्या देशाचा पहिला चेहरा थोरलीचा दिसणार आहे. त्याला आधी पाणी विचारावं, मग कागद मागावेत.

२१ जून

थोरलीच्या आईला एकच धास्ती: पोरीला पोहता येत नाही आणि हलत्या लाँचमधून दोरीच्या शिडीवर चढायचंय. येलदरीचं धरण जवळ असून आमच्या घरात कुणीच पोहायला शिकलं नाही. थोरलीने परभणीला पोहण्याचा वर्ग लावला आहे. पहाटेच्या एसटीने जाते, नऊला परत. काल खोल बाजूला गेली म्हणे. परभणीहून देवगिरीची तिकिटं काढली आहेत, तिचं आणि माझं. बॅलार्ड इस्टेटला तिला सोडून मी दोन दिवस मुंबईत राहीन. शेखाडीला जाता आलं तर जाऊन येईन.