श्रीरामपूरचा डावखुरा

श्रीरामपूरला रेल्वेने पहिल्यांदा येणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो. गाव श्रीरामपूर, पण स्टेशनच्या पाटीवर नाव बेलापूर. ऊस, साखर कारखाने, कालव्याचं पाणी आणि मोठी बाजारपेठ ही या तालुक्याची ओळख. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव क्रिकेटसाठी कधीच प्रसिद्ध नव्हतं. इथेच ७ ऑक्टोबर १९७८ रोजी एका मराठी मुस्लिम कुटुंबात झहीर खानचा जन्म झाला. वडील बख्तियार खान फोटोग्राफर, आई झाकिया शिक्षिका. तीन भावांत हा मधला.

झहीर म्हटलं की लोकांना २०११चा विश्वचषक आठवतो, त्यातले त्याचे २१ बळी आठवतात. मला मात्र त्याची सुरुवातीची चार-पाच वर्षं जास्त मोलाची वाटतात. आपल्या घरांतल्या मुलांच्या कामाचं जे काही आहे, ते त्या वर्षांत आहे.

नॉर्वेचा टेनिसपटू कॅस्पर रूड घ्या. देश बर्फाचा, स्कीइंगचा. टेनिसची मोठी परंपरा नाही. पण त्याचे वडील ख्रिस्तियन स्वतः जागतिक क्रमवारीत पहिल्या चाळिसात पोहोचलेले. प्रशिक्षक घरातच होता. श्रीरामपूरच्या फोटोग्राफरच्या घरी असं काही नव्हतं. मुलाच्या खांद्यात वेग आहे एवढं दिसत होतं. पुढे काय करायचं हे सांगणारं जवळ कोणी नव्हतं.

समोर इंजिनिअरिंगची वाट होती. शिक्षिकेच्या घरात पदवीची किंमत काय असते, हे वेगळं सांगायला नको. तरीही वयाच्या सतराव्या वर्षी वडील मुलाला घेऊन मुंबईला आले. या गोष्टीतला सगळ्यात अवघड निर्णय मला हाच वाटतो. चेंडू नंतर झहीरने टाकले, पण पहिला धोका अब्बांनी पत्करला.

मुंबईत क्रॉस मैदानावर सुधीर नाईक यांचा नॅशनल क्रिकेट क्लब होता. नाईक भारताकडून कसोटी खेळलेले, १९७०-७१ मध्ये मुंबईला रणजी जिंकून देणारे कर्णधार. त्यांनी तालुक्यातून आलेल्या या पोराला ठेवून घेतलं. पुढे टी. ए. शेखर यांची नजर त्याच्यावर गेली आणि तो चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये पोहोचला. रणजीचं दार उघडलं ते बडोद्याने, १९९९-२००० च्या हंगामात. आपला जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत येतो. त्या घरच्या संघाकडून मात्र तो कधीच खेळला नाही.

२००० साली बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या पहिल्याच तुकडीत त्याची निवड झाली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नैरोबीत केनियाविरुद्ध पहिला एकदिवसीय सामना. चार दिवसांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने स्टीव्ह वॉला यॉर्करवर त्रिफळाचीत केलं, तो त्याचा बाविसावा वाढदिवस होता. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला पहिली कसोटी. त्याच हंगामात रणजीच्या अंतिम सामन्यात रेल्वेविरुद्ध दुसऱ्या डावात ४३ धावांत ५ बळी घेतले आणि बडोदा २१ धावांनी जिंकला.

आपल्याकडच्या सत्कार समारंभांत त्याचं नाव हमखास निघतं. वक्ता म्हणतो, "झहीर झाला, तुम्हीही होऊ शकता. फक्त मेहनत करा." हे अर्धंच खरं आहे. मेहनत करणारी पोरं प्रत्येक मोहल्ल्यात आहेत, टेनिस बॉलच्या स्पर्धांत रोज दिसतात. त्यांच्याकडे एखादा सुधीर नाईक पोहोचत नाही, किंवा ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

दुसरं एक वाक्यही आपल्या तोंडी बसलं आहे, "आपल्या पोरांना कोण घेणार?" भेदभाव नाही असं मी म्हणणार नाही. तो अनुभवलेल्या माणसाला झहीरचं उदाहरण देऊन गप्प करू नये. पण नाईकांनी, शेखर यांनी त्या मुलाचा हात पाहिला आणि त्याला पुढे नेलं, हेही तितकंच खरं आहे. दार ठोठावण्याआधीच ते बंद आहे असं मुलाला सांगणं, हा त्याच्यावरचा वेगळा अन्याय आहे.

अर्थात मुंबईला गेलेला प्रत्येक जण झहीर होत नाही. बहुतेक जण परत येतात आणि दुकानात, शेतात, नोकरीत रुळतात. म्हणून पालकांना माझं सांगणं साधं आहे. मुलात किंवा मुलीत काही दिसलं तर जाणत्या माणसाला दाखवा. तो हो म्हणाला तर ठरवून एक-दोन वर्षं द्या, शिक्षणाचा धागा मात्र तुटू देऊ नका. आणि नाही जमलं, पोर घरी परतलं, तर चारचौघांत त्याला वाया गेलेला म्हणू नका. गल्लीतली बाकीची पोरं ते ऐकत असतात, आणि घराबाहेर पाऊल टाकायचं की नाही हे त्यावरून ठरवत असतात.