मूकपटाची साथसंगत

मूकपट मुका असला, तरी त्याचे नाट्यगृह मुके नसे. अमेरिकेत पडद्यापुढे ऑर्गन, पियानो किंवा सबंध वाद्यवृंद वाजे. आपल्याकडे बहुधा पेटी-तबल्यावर भागत असे. हॅरॉल्ड लॉइडच्या १९२५ सालच्या ‘द फ्रेशमन’ या विनोदी चित्रपटाला पुष्कळ वर्षांनी कार्ल डेव्हिस (१९३६–२०२३) यांनी वाद्यवृंदासाठी संगीत रचले. त्या चित्रपटाचा विचार करताना आम्हांस राहून राहून कीर्तनातला साथीदार आठवतो.

कॉलेजात लोकप्रिय होण्याची आस धरलेला हा नायक हस्तांदोलनापूर्वी पायांचा एक गमतीदार नाच करतो. ही लकब त्याने चित्रपटातूनच उचललेली! येथे संगीताला ठेका धरणे सोपे. नृत्याच्या रात्री कच्च्या टाक्यांचा त्याचा सूट उसवू लागतो आणि शिंप्याला नेमकी भोवळ येते, तेथेही सोपेच.

खरी कसोटी त्यानंतर. सगळे कॉलेज आपल्याला हसते आहे, हे त्याला कळते. प्रथम तो बेफिकिरीचा आव आणतो. मग पेगीच्या मांडीवर डोके टेकून रडतो. क्षणापूर्वी त्याला हसणाऱ्यांत प्रेक्षकही असतातच. अशा जागी तबल्यावर थाप पडली, तर करुण रस उडालाच म्हणून समजावे. सारंगीने गळा काढला, तरी तेच. साथीदाराने तेथे हात आखडता घ्यावा, अशा मताचे आम्ही आहोत. अखेरच्या फुटबॉल सामन्यात, हॅरॉल्ड चेंडूसह रेषेपलीकडे पडतो तेव्हा, वाद्यवृंदाने खुशाल धुमाकूळ घालावा.