बारापैकी आठ

बँकेतल्या कारकुनाला लिहायला शिकायची गरज काय, हा प्रश्न मला एकूण सहा जणांनी विचारला. त्यांपैकी चार बँकेतलेच होते. पाचवी आमची सौभाग्यवती, आणि सहावा आमच्या गल्लीतला न्हावी, ज्याला मी काही सांगितलंच नव्हतं. मानवत हे असं गाव आहे. इथे तुम्ही सकाळी ऑनलाईन फी भरलीत की दुपारपर्यंत मोंढ्यात कापसाच्या भावाबरोबर तीही जाहीर होते.

"वीस वर्षं लिहायलातच की तुम्ही! आता अजून काय शिकायचं राहिलं?" आमचे रोखपाल म्हणाले.

त्यांचंही खरं होतं. बी.कॉम. होऊन नोकरीला लागल्यापासून मी जेवढे शब्द कागदावर उतरवले, तेवढ्यात चांगल्या जाडजूड दहा कादंबऱ्या झाल्या असत्या. फरक इतकाच, की कादंबरीकाराला वाचक असतात आणि मला लेखापरीक्षक. लेखापरीक्षकही मन लावून वाचतो, नाही असं नाही. पण तो चूक सापडावी म्हणून वाचतो, आणि नाही सापडली की बिचाऱ्याचा चेहरा पडतो. आपण लिहिलेलं कोणीतरी निव्वळ समजून घेण्यासाठी वाचावं, अशी एक चोरटी इच्छा मनात होती. ती मी कोणाला बोललो नाही. 'लेखनकौशल्य प्रमाणपत्र अभ्यासक्रम, बारा आठवडे, संपूर्ण ऑनलाईन' ही एका कॉलेजची जाहिरात दिसली आणि मी नाव घातलं.

घरबसल्या गृहपाठ ही काही आजची टूम नव्हे. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत पत्र पाठवायची सोय झाली, तेव्हा आयझॅक पिटमन या लघुलिपीवाल्या गृहस्थांनी धडे टपालाने पाठवायला सुरुवात केली. विद्यार्थ्यांनी सोडवून परत पाठवायचं, यांनी तपासून पुन्हा धाडायचं. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम काढला. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं, आणि त्याचं ब्रीदच 'ज्ञानगंगा घरोघरी'. बँकवाल्यांना तर हे मुळीच नवीन नाही. आमची परीक्षा घेणारी संस्था १९२८ पासून कारकुनांना नोकरी सांभाळून अभ्यासाला लावते आहे. जेएआयआयबीचे पेपर मी असेच दिले होते, एका हाताने मुलाला झोळीत झोके देत. तो मुलगा आता दहावीत आहे आणि माझा गृहपाठ अपलोड करून देण्याचे दर गृहपाठामागे वीस रुपये घेतो.

ऑनलाईन कॉलेज म्हणजे नेमकं काय, हे मानवतच्या माणसाला पटकन कळतं. आमच्या रेल्वे स्टेशनचं नाव 'मानवत रोड'. म्हणजे हे मानवत नव्हे, इथून मानवतला रस्ता जातो. गाडीतून उतरलात म्हणजे पोचलात असं समजू नका, पुढचं ज्याचं त्याने बघायचं. ऑनलाईन कॉलेजचंही तसंच. नाव घातलं, परवलीचा शब्द मिळाला, म्हणजे फक्त 'कॉलेज रोड' आला.

पहिल्याच तासाला प्रत्येकाने आपली ओळख करून द्यायची होती. मी 'मानवत' म्हणालो आणि पडद्यावरचे सगळे चौकोन एकदम जागे झाले. "म्हणजे ते मानवत?" १९७२ ते ७४ या काळात इथे जे खून झाले त्यांनी गाव देशभर गाजलं, आणि २०२४ साली त्यांवर वेब मालिका आल्यापासून नव्या पिढीलाही पत्ता पाठ झाला. मी सांगितलं, "हो, तेच. पण आता इथे मुख्यतः कापूस असतो." यावर सगळ्यांची थोडी निराशा झाली.

पहिल्या आठवड्याचा गृहपाठ होता, 'या अभ्यासक्रमाकडून तुमच्या अपेक्षा', शंभर शब्द.

हा शब्द वाचून मी जरा थबकलोच. पंचेचाळिसाव्या वर्षी माणसाकडून लोक हप्ते मागतात, सह्या मागतात, सुटे पैसे मागतात. अपेक्षा कोणी करत नाही. साहेबांना माझ्याकडून संध्याकाळी कॅश जुळावी एवढंच हवं असतं. घरातल्या एकूण एक अपेक्षा आता दहावीच्या खात्यात वर्ग झाल्या आहेत, माझ्या खात्यात किमान शिल्लकसुद्धा नाही. आणि इथे कोणीतरी मला विचारत होतं, की बाबा रे, तुझी अपेक्षा काय!

मी रात्री बारापर्यंत बसून लिहिलं : 'सदर अभ्यासक्रमाच्या माध्यमातून लेखनविषयक कौशल्ये आत्मसात करण्यात येतील अशी अपेक्षा व्यक्त करण्यात येत आहे.'

मॅडमनी समासात लिहिलं, 'कोण आत्मसात करणार? कोण व्यक्त करतंय? तुम्ही या वाक्यात कुठे आहात?'

मी वाक्यात स्वतःला शोधलं. खरोखरच नव्हतो. पण बँकेच्या भाषेचा तोच तर मोठेपणा आहे. तिच्यात कोणीच काही करत नाही, सगळं 'करण्यात येतं'. कर्ज मंजूर करण्यात येतं, नामंजूर करण्यात येतं, साहेबांची बदली करण्यात येते. वाक्यात कर्ता ठेवला तर लोक उद्या खिडकीवर येऊन त्याची गचांडी धरतील. मॅडमना मी तसं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, 'आता लिहिलंत ना, हे वाक्य छान आहे. असं लिहा.'

त्यानंतर मी गृहपाठांचं रीतसर खातं उघडलं. जुन्या लेजरच्या कोऱ्या पानावर रकाने आखले : गृहपाठ, देय तारीख, भरणा, थकबाकी. मुदत दर रविवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांची. पुढचे चोवीस तास दहा टक्के कापून, त्यानंतर शून्य. मुदतीच्या बाबतीत मी मुरलेला माणूस आहे. चेक तीन महिन्यांत वटवा, हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्या, असं लोकांना सांगण्यातच माझा जन्म गेला. आमच्याकडे हप्ता थकला तर खातं बुडीतकडे झुकायला ९० दिवस मिळतात, आणि थोड्या मुदतीच्या पिकावरच्या कर्जाला दोन हंगाम. गृहपाठाला चोवीस तास! एवढी कडक वसुली आमच्या विभागीय कार्यालयालाही जमलेली नाही.

पण याच कॉलेजचा दुसरा नियम वाचून मी चष्मा पुसला. बारापैकी उत्तम आठ गृहपाठांचेच गुण धरणार, उरलेले चार सोडून देणार. ही पद्धत सरकारच्या 'स्वयम्' व्यासपीठावरच्या बारा आठवड्यांच्या अनेक अभ्यासक्रमांत आहे म्हणे, आमच्या कॉलेजने तिचाच कित्ता गिरवला होता. शिवाय दोन वेळा मुदतवाढ, आणि तीही कारण न विचारता!

मी हा नियम शाखेत वाचून दाखवला. सगळे गप्प झाले. "म्हणजे बारापैकी आठ हप्ते भरले की झालं?" आमच्या शिपाईमामांनी विचारलं. शेतकऱ्यांची कर्जमाफी आम्ही २००८ साली पाहिली, २०१७ साली पाहिली, २०१९ साली पाहिली. कधी अर्ज, कधी याद्या, कधी आधार, कधी अंगठा. कारण न विचारता माफी कोणीच पाहिली नव्हती.

वर्गात आम्ही साठेक जण होतो. शनिवारी रात्री नऊला मॅडमचा तास असे. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी कोणीतरी सूचना मांडली, की रविवारी रात्री ११:५९ ही वेळ गैरसोयीची आहे, झोपमोड होते, मुदत संध्याकाळी सहाची करावी. बहुमत सहाकडे झुकायला लागलं. तेवढ्यात एका काळ्या चौकोनातून, ज्यावर नाव नव्हतं की चेहरा नव्हता, एका मुलीचा आवाज आला, "मॅडम, बाराचीच राहू द्या. फोन दिवसभर दादासंगं रानात असतो. तो नवाला घरी येतो. मग मी लिहिते."

तिचे दोन तास एकोणसाठ मिनिटं. त्यात तासही ऐकायचा, लिहायचंही, आणि रेंज गेली तर माळवदावर चढायचं. मॅडमनी मतदान घेतलंच नाही. मुदत बाराचीच राहिली. त्यानंतर झोपमोडीबद्दल कोणी बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

आठव्या आठवड्याचा गृहपाठ असा होता : तुमच्या कामातलं एक पत्र घ्या आणि ज्याला ते जातं त्याच्यासाठी पुन्हा लिहा. मी थकबाकीची नोटीस घेतली. मूळ नोटीस एकाच वाक्याची. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' इथून निघालेलं ते वाक्य कलमं, पोटकलमं ओलांडत पानाच्या तळाशी 'याची नोंद घ्यावी' इथे धापा टाकत पोचतं. मी त्याचे तुकडे केले. कर्ता घातला, क्रियापद जवळ आणलं, 'उपरोक्त'ला निवृत्ती दिली. रक्कम किती, का थकली, व्याज कसं, पुढे काय होईल, आणि शेवटी, शाखेत येऊन भेटलात तर हप्ते पाडून घेण्याबाबत बोलता येईल. लिहून झाल्यावर सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, हे तर कळतंय!" वीस वर्षांच्या संसारात माझ्या लेखनाला मिळालेला हा पहिला अभिप्राय.

आमचे गृहपाठ मॅडमच्या आधी दोन सहाध्यायी तपासत. नावं झाकलेली, फक्त क्रमांक. एकाने लिहिलं, 'छान, प्रवाही.' दुसरा अभिप्राय क्रमांक सतराचा होता. तो मी लेजरमध्ये उतरवून ठेवला आहे :

'पत्र सोपं झालंय. पण शाखेत या हे शेवटी आहे. आमच्याकडं अशी नोटीस आली की मीच वाचून दाखवते. थकबाकी हा शब्द आला की बाबा उठून अंगणात जातात. पुढचं ते ऐकत नाहीत. म्हणून शेवटच्या दोन ओळी आधी घ्या.'

वेळ पाहिली. रात्री ११ वाजून ४१ मिनिटं. अंदाज बांधायला बी.कॉम. लागत नाही.

मी बराच वेळ त्या चार ओळींसमोर बसून राहिलो. वर्षभरात अशा कितीतरी नोटिसांवर मी पत्ते घालतो. नोटीस पोचली की आमचं काम संपतं, पोचपावती फायलीला लागते. ती पोचल्यावर घरात कोण वाचतं, कोण ऐकतं, आणि कुठल्या शब्दाला कोण उठून अंगणात जातं, याचा रकाना आमच्या रजिस्टरात नाही.

मी शेवटच्या दोन ओळी वर घेतल्या : 'मंगळवारी किंवा गुरुवारी पासबुक घेऊन शाखेत या. आपण बसून बोलू.' मग बाकीचं. ही उलथापालथ करण्यात ११:५९ उलटून गेले. मी एक मुदतवाढ वापरली. कारण कोणी विचारलं नाही, पण या वेळी माझ्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी तो कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, "नोटिशीचा नमुना मुख्य कार्यालयाचा. त्यातला स्वल्पविराम हलवायचा मला अधिकार नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "पण सोबत चिठ्ठी जोडू नये असं कुठल्या परिपत्रकात नाही." आमच्या साहेबांना परिपत्रकात काय नाही हेही पाठ आहे. चिठ्ठी तयार झाली : 'सोबतच्या कागदाला घाबरू नका. मंगळवारी किंवा गुरुवारी पासबुक घेऊन या. खिडकी क्रमांक ३.' खिडकी क्रमांक तीन म्हणजे मी. म्हणजे अखेर वाक्यात कर्ता आला, आणि लोक खिडकीवर येऊन धरणार ही माझी जुनी भीतीही खरी ठरणार, हे त्याच वेळी लक्षात आलं.

तिसऱ्या मंगळवारी एक म्हातारबाबा आले. नोटीस घरीच होती, मुठीत फक्त चिठ्ठी. "सायब, ह्याच्यात 'या' म्हणून लिवलंय," ते म्हणाले, "म्हणून आलो." मी त्यांना बसवून खातं काढलं. व्याज काही कमी झालं नाही, ते माझ्या हातात नाही. पण हप्ते पाडण्याचा अर्ज भरला, आणि तो भरेपर्यंत ते खुर्चीवरून उठले नाहीत.

अभ्यासक्रम संपला. प्रमाणपत्र आलं, त्यावर 'प्रमाणित करण्यात येते की' असं छापलेलं होतं. मॅडमना ते दिसलं नसावं. बारापैकी अकरा गृहपाठ भरले, एक बुडीत गेला, धरले आठ. क्रमांक सतराचे किती झाले मला ठाऊक नाही. नाव तर नाहीच ठाऊक. पण तिच्या दादाने फोन रोज नवाच्या आधी घरी आणावा, एवढी माझी अपेक्षा आहे.

कॉलेजच्या लेखी माझा गृहपाठ संपला. खिडकी क्रमांक तीनवर मात्र मंगळवार-गुरुवार रांग असते, आणि तिथे बारापैकी आठ चालत नाहीत. बाराच्या बारा सोडवावे लागतात.